महाउपकारकर्त्याच्या मिशा

अमेरिकेतल्या अस्टोरिया या ग्रीक मोहल्ल्यात निकितास दियाकोमानोलिस या नावाचे दोन गृहस्थ होते आणि त्यात दोघांचाही काही दोष नव्हता. दोघे चुलतभाऊ. ग्रीसच्या निसिरोस बेटावर थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचा रिवाज आहे आणि आजोबांचा प्रत्येक मुलगा तो आपापल्या घरी स्वतंत्रपणे पाळतो. त्यामुळे ज्या आजोबांना पाच मुलगे, त्यांच्या घराण्यात पाच निकितास होऊ शकतात. इथे दोनांवरच भागलं, कारण बाकीच्या तिघांना मुलीच झाल्या. ओळखायला सोपं जावं म्हणून लोक एकाला बंगलेवाला निकितास म्हणत आणि दुसऱ्याला तवेवाला. बंगलेवाल्याची लाँग आयलंडवर पाच-सहा हॉटेलं होती आणि मॅनहॅसेटला खाडीकाठी बंगला होता. तवेवाल्याने सगळा जन्म दुसऱ्याच्या हॉटेलात तव्यासमोर उभं राहून अंडी केली होती. तळलेली, परतलेली, उकडलेली, एका बाजूने, दोन्ही बाजूंनी. निवृत्त झाल्यावर त्याच्याजवळ दोन दुखरे गुडघे, एक भरघोस मिशी आणि कालिरोई नावाची आठ वर्षांची नात एवढी मिळकत उरली.

ही गोष्ट तवेवाल्याची. बंगलेवाल्याच्या गोष्टी सांगायला बंगलेवाला समर्थ आहे.

कालिरोईची आई हॉस्पिटलात नर्स. दुपारची पाळी असली की पोरीला ग्रीक शाळेत पोचवायचं काम आजोबांकडे. शाळा चर्चच्या तळघरात, मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी. इंग्रजी शाळेतून दमूनभागून आलेल्या मुलांना इथे आणून पुन्हा बाकावर बसवत, कारण त्यांच्या आईबापांनाही लहानपणी असंच बसवलं होतं आणि त्याचा सूड उगवायला दुसरं कोणी हाताशी नव्हतं.

या शाळेत एकही वस्तू निनावी नव्हती. बाकांवर पितळी पट्ट्या होत्या. पिण्याच्या पाण्याच्या नळावर कुणाच्या तरी आईचं नाव होतं. फ्रिज एका विधवेने नवऱ्याच्या स्मरणार्थ दिला होता आणि तिच्या मते नवऱ्याचा स्वभावही साधारण तसाच होता. पियानो तीन भावांनी मिळून दिलेला. पुढे त्यांचं आपसात बोलणं बंद झालं, म्हणून त्यावर तीन वेगळ्या पट्ट्या. पियानो वाजत नसे, पण पट्ट्या दर महिन्याला घासल्या जात. मुलं अक्षरं शिकत ती पुस्तकातून नव्हे, या पट्ट्यांवरून. पहिलीतल्या पोराला ‘मांजर’ वाचता यायची मारामार, पण ‘उपकारकर्ता’ तो झोपेतसुद्धा वाचून दाखवी.

जिन्याखाली संगमरवरी फलक होता. त्यावर माणुसकीच्या तीन पायऱ्या कोरल्या होत्या. तळाशी देणगीदार, बारीक अक्षरांत, गर्दीगर्दीने. त्यांच्या वर उपकारकर्ते, जरा ऐसपैस. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, वीतभर सोनेरी अक्षरांत, एकटा महाउपकारकर्ता: निकितास दियाकोमानोलिस. पैसे अर्थात बंगलेवाल्याचे. ज्या हिवाळ्यात शाळा गरम ठेवणारा बॉयलर फुटला त्या हिवाळ्यात त्याने चेक पाठवला होता. फलकाच्या अनावरणाला यायला त्याला जमलं नाही. त्यानंतरही कधी जमलं नाही.

पोलिक्सेनीबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ग्रीस सरकारने तीन वर्षांच्या बोलीवर धाडलेल्या या मास्तरीणबाई, सरळ मनाच्या, उत्साही. पहिल्याच दिवशी मुलांची नावं घेताना त्यांनी कालिरोईला विचारलं, पोचवायला कोण आलंय. पोरगी म्हणाली, माझे आजोबा, निकितास दियाकोमानोलिस. बाईंनी एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा फलकाकडे पाहिलं, आणि त्या उठून उभ्या राहिल्या. मग स्वतः जाऊन एक हातांची खुर्ची उचलून आणली. निकितासने खुर्चीच्या पाठीकडे नजर टाकली. तिथेही पितळी पट्टी होती आणि पट्टीवर त्याचंच नाव होतं.

आता पाहा, नाव आपलं, खुर्ची आपल्या नावाची, गुडघे ठणकताहेत, आणि एक सज्जन बाई बसा म्हणतेय. अशा वेळी उभं राहून घराण्याची वंशावळ सांगत बसणं हा खरं तर उर्मटपणाच. निकितास बसला. त्याचा सगळा गुन्हा एवढाच.

पण बसलेल्या माणसाला लोक कॉफी आणून देतात. मग कॉफीबरोबर तिळाची बिस्किटं येऊ लागली. नवीन वर्षाचा केक कापला तेव्हा पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा देवमातेचा, आणि तिसरा निकितासच्या हातात ठेवण्यात आला. निसिरोसच्या एका तव्यावरच्या आचाऱ्याने स्वर्गातल्या पंक्तीत तिसरं पान मिळवणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. तुकडा घशाखाली उतरताना थोडा अडकला, पण उतरला.

खरी पंचाईत कालिरोईची होती. ती फलक वाचायला शिकली आणि तिचा आजोबा पाहता पाहता दोन हात उंच झाला. हिवाळ्यात भिंतीतले नळ खडखडले की बाकीची पोरं दचकत; कालिरोई मान डोलावून सांगे, घाबरू नका, तो आमचा बॉयलर आहे. तिला कवायतीत पहिल्या रांगेत उभं करत. नाटुकल्यात ती कायम राणी. निकितास हे सगळं खुर्चीतून पाही आणि घरी जाताना ठरवी की आज सांगून टाकायचं. मग ती त्याचा हात धरून चाले तेव्हा असा काही धरी, की सांगणं गुरुवारवर जाई.

अस्टोरियातल्या जुन्या लोकांना सगळं माहीत होतं. पण बंगलेवाल्याने मोहल्ला सोडल्यापासून कुणाच्या मयतीला तोंड दाखवलं नव्हतं, तेव्हा त्याच्या वाटचा केक तवेवाल्याने खाल्ला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं. शिवाय गंमत फुकट पाहायला मिळत होती. कॉफीच्या दुकानात सोंगट्या खेळताना जुना दोस्त झकारियास मोठ्याने हाळी देई, “सरका रे, महाउपकारकर्ते आले. या साहेब, हरायला बसा.”

“गप रे,” निकितास म्हणे.

“गप कसा? उद्या माझ्या घरचा बॉयलर फुटला तर कुणाकडे जाऊ?”

दोन्ही निकितासांत बोलणं नव्हतं, आणि तेही याच नावापायी. तरुणपणी दोघे एकाच मालवाहू जहाजावर खलाशी होते. अमेरिकेत नॉरफोकच्या बंदरात दोघांनी एकदमच जहाजावरून पोबारा केला, एक गल्लीत डावीकडे पळाला, एक उजवीकडे. जहाजाच्या कप्तानाने पोलिसांना नाव दिलं. दोन दिवसांनी त्या नावाचा एक माणूस सापडला. पोलिसांचं काम संपलं. एकाच नावाचे दोघे असतील ही शंका यायला पोलीस निसिरोसचा असावा लागतो. उजवीकडे पळालेला तवेवाला कोठडीत बसला आणि परत बेटावर पाठवला गेला. डावीकडच्याला शोधायला मग कुणी आलंच नाही. पुढे लग्नाच्या कागदांवर तवेवाला सरळ मार्गाने अमेरिकेत आला, तोवर दुसऱ्याचं पहिलं हॉटेल उभं राहिलं होतं. त्याने याला नोकरी देऊ केली. याने विचारलं, आधी त्या कोठडीबद्दल काही बोलशील का? तो म्हणाला, कुठली कोठडी? तेव्हापासून बोलणं बंद.

तर असं हे चालू असताना समितीला पुतळ्याची कल्पना सुचली. समितीचे नवे अध्यक्ष अनेस्तिस, घरं विकण्याचा धंदा करणारे, राहायला दूर बेसाइडला. त्यांना माइक दिसला की आपोआप घसा खाकरता येई. महाउपकारकर्त्याला पंचाहत्तरावं लागतंय, तेव्हा समाजाच्या कृतज्ञतेचं प्रतीक म्हणून ब्राँझचा अर्धपुतळा बसवायचा असा ठराव झाला. कृतज्ञता समाजाची आणि चेक महाउपकारकर्त्याचा, असं अनेस्तिसनी त्याच्या सेक्रेटरीशी फोनवर पक्कं केलं. महाउपकारकर्त्याशी त्यांचं प्रत्यक्ष बोलणं कधी झालं नव्हतं. पुतळा कुठे बसवायचा यावर तीन बैठका झाल्या. बाहेर कबुतरं होती, आत बॉयलर होता. शेवटी बॉयलर जिंकला.

शिल्पकार पोरगेलासा होता. त्याने मॅनहॅसेटला फोन लावला तर सेक्रेटरी म्हणाली, साहेबांना बसायला वेळ नाही, फोटो पाठवते. फोटो काही आला नाही. त्याने शाळेत चौकशी केली. पोलिक्सेनीबाई हसून म्हणाल्या, फोटो कशाला हवा, माणूसच दर मंगळवारी इथे बसलेला असतो.

त्या मंगळवारी निकितास खुर्चीतून उठला. खरंच उठला. बाईंना बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, एक सांगायचं राहिलंय. त्या दगडावरचा निकितास म्हणजे...”

बाईंनी त्याचा हात हातात घेतला. “मला कळतं. तुम्हाला पुतळा नको आहे.”

“नको आहे, पण त्याचं कारण...”

“खऱ्या मोठ्या माणसांचं असंच असतं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. अशा भरल्या डोळ्यांच्या बाईला खरं सांगायचं तर काळीज दगडाचं लागतं. त्यात कालिरोई शेजारी उभी, शिल्पकाराच्या मातीचा गोळा दोन्ही हातांत घेऊन, जणू देवळातला दिवा.

निकितास तीन दुपारी बसला. शिल्पकार म्हणे, जरा वर बघा, दूर, उद्याच्या पिढीकडे. उद्याची पिढी समोरच बॉयलरला पाठ लावून चिप्स खात होती. निकितास त्यांच्या डोक्यावरून छताच्या ओलसर डागाकडे बघत राही. स्वतःशी म्हणे, होईल एक पुतळा, बसेल तळघरात, बंगलेवाला काही इथे यायचा नाही.

जानेवारीअखेरचा तीन आचार्यांचा सण म्हणजे शाळांचा मोठा सण. त्याच रविवारी अनावरण ठरलं. आणि सणाला आठ दिवस उरले असताना बातमी आली की या वेळी साहेबांना जमतंय.

कॉफीच्या दुकानात त्या दिवशी सोंगट्या तशाच राहिल्या. झकारियास पहिल्यांदाच हसला नाही. म्हणाला, “आजारी पड.”

“पडलो असतो. पण पोरगी कविता म्हणणार आहे. आजोबांवर.”

“कुणाच्या आजोबांवर?”

“तेच तर.”

“मग मिशा काढ. कुणी ओळखणार नाही.”

“पुतळ्याच्या काढशील?”

झकारियासने फासे खुळखुळवले आणि खाली ठेवून दिले. निकितासला बंगलेवाल्याची भीती नव्हती. त्याला बोट लागून ओकताना याने पाहिलेलं होतं. अध्यक्षांचीही नव्हती. भीती होती ती एवढीच, की भर सभेत पडदा सरकेल, कुणीतरी म्हणेल हा तोतया आहे, आणि कालिरोई वळून त्याच्याकडे बघेल. तिने कसं बघितलं तर आपण काय करायचं, हे त्याला काही केल्या सुचत नव्हतं.

रविवारी तळघर भरून गेलं. पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची, तिच्यावर कागद: ‘श्री. नि. दियाकोमानोलिस यांच्यासाठी राखीव’. पोलिक्सेनीबाईंनी निकितासला दंडाला धरून तिथे नेऊन बसवलं. शेजारी अनेस्तिस. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांनी हलवला आणि साहेब किती साधे कपडे घालतात याचं मनातल्या मनात कौतुक केलं.

पाद्रीबाबांची प्रार्थना चालू असताना बंगलेवाला आला. उंची ओव्हरकोट, गुळगुळीत दाढी. त्याच्यासाठी कुणी उठलं नाही. दारातल्या तरुण आईने त्याला सोडतीची दोन तिकिटं विकली आणि कोट मागे टांगायला सांगितलं. तो पुढे गेला, राखीव खुर्ची भरलेली पाहिली, आणि काही क्षण उभा राहून तिसऱ्या रांगेत जाऊन बसला, दोन आज्यांच्या मध्ये. जुन्या लोकांत एक लांबलचक खोकला रांगेरांगेने पसरत गेला.

कालिरोईने कविता म्हटली. त्यात आजोबांना एकदा दीपस्तंभ म्हटलं होतं, एकदा ऑलिव्हचं झाड, आणि यमकासाठी एकदा जहाज. एकही शब्द न चुकता तिने थेट पहिल्या रांगेकडे बघून म्हटली. निकितासने ती ऐकली तशी आजवर कुणी न्यायाधीशाची शिक्षाही ऐकली नसेल.

मग अनेस्तिस माइकवर गेले, बराच वेळ तिथे राहिले, आणि शेवटी म्हणाले की आता श्री. निकितास दियाकोमानोलिस यांनी पुढे येऊन आपल्या हातांनी पडदा दूर करावा.

दोन माणसं उभी राहिली.

एक पहिल्या रांगेतून, गुडघ्यांवर हात टेकत. दुसरा तिसऱ्या रांगेतून. दोघे निळ्या कापडाशी एकदमच पोचले. अनेस्तिसनी एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा माइकपासून लांब सरकले. बंगलेवाल्याने दोरी ओढली.

ब्राँझचा निकितास छताच्या ओलसर डागाकडे, म्हणजे उद्याच्या पिढीकडे, बघत होता. मिशा फारच झकास उतरल्या होत्या, आणि डोक्यावरचे केस शिल्पकाराने पदरचे घातले होते. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पोलिक्सेनीबाई रडल्या.

बंगलेवाला पुतळ्याकडे बघत राहिला. मग टाळ्यांच्या आवाजाखाली, बेटावरच्या बोलीत, कित्येक वर्षांनी भावाशी बोलला.

“या मिशा कुणाच्या?”

“माझ्या.”

“तू बसलास?”

“तीन दुपारी.”

“आणि तोंडातून ब्र काढला नाहीस?”

“काढला होता. अर्धाच निघाला. आधी तुला फोन केला होता त्यांनी. तुला वेळ नव्हता.”

बंगलेवाला सभेकडे वळला. तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की हा मी नव्हे. पण समोर दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. जे त्याला ओळखत नव्हते त्यांना पुतळा पटला होता, आणि जे ओळखत होते ते खोकत होते. हा मी नव्हे म्हणायचं तर आधी मी कोण हे पटवायला हवं होतं, आणि तेही सोडतीची तिकिटं विकणाऱ्या बाईपासून सुरुवात करून. स्वतःच्या नावाचा फलक असलेल्या शाळेत, स्वतःच्या पैशांच्या पुतळ्याशेजारी, त्याला कुणी ओळखत नाही हे त्याला स्वतःच माइकवरून जाहीर करावं लागणार होतं.

अनेस्तिसना एव्हाना उलगडा झाला होता. ते घाम पुसत कानाशी आले. “साहेब, काळजी नको. ब्राँझ घासून मिशा काढता येतात. आठवडाभराचं काम.”

“राहू द्या,” बंगलेवाला म्हणाला. “मी वाढवीन.”

मग भावाकडे न बघता तो पुटपुटला, “नॉरफोकला तुला माझ्या जागी धरलं. इथे माझ्या जागी ओतलं. फिट्टंफाट.”

“फिट्टंफाट कसलं?” तवेवाला म्हणाला. “दोन्ही वेळा बसलो मीच.”

बंगलेवाल्याच्या घशातून कसलासा आवाज आला. हसू होतं की काय ते दोन्ही आज्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून मोहल्ल्यात त्यावर अजून वाद आहे. पण कुठली कोठडी, असं तो या वेळी म्हणाला नाही. तो माइकवर गेला आणि म्हणाला, माझा पुतळा हुबेहूब झाला आहे, आभारी आहे. तो खाली उतरला तेव्हा तवेवाल्याने त्याला राखीव खुर्चीवर बसवलं आणि स्वतः भिंतीशी उभा राहिला.

हे सगळ्यांनी पाहिलं. कालिरोईनेही पाहिलं.

घरी जाताना तिने हात धरला नाही. एकतिसाव्या रस्त्यावर, वरच्या रेल्वेच्या सावलीतून, दोघे शेजारी शेजारी चालत होते.

“आजोबा, तो माणूस म्हणाला पुतळा त्याचा आहे.”

“हो.”

“खोटं बोलला?”

इथे निकितासला अजून एक वाट मोकळी होती. हो म्हटलं असतं तर तो आणखी दोन वर्षं तरी दोन हात उंच राहिला असता. “नाही,” तो म्हणाला. “पैसे त्याने दिले. बॉयलरही त्याचा. फलकावरचं नावही त्याचंच. आमचं नाव एक आहे, एवढंच.”

“मग तू काय दिलंस?”

“चेहरा.”

“आणि?”

“आणि काही नाही. मी आयुष्यभर अंडी केली. पुष्कळ केली.”

डोक्यावरून गाडी जाऊ लागली. अस्टोरियात गाडी आली की माणसं वाक्य अर्ध्यावर ठेवतात आणि ती गेली की तिथूनच उचलतात. ही गाडी आणखी वीस डब्यांची असती तरी निकितासची तक्रार नव्हती. पण ती गेली.

“मी सगळ्यांना सांगितलंय बॉयलर आपला आहे म्हणून.”

“ठाऊक आहे. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं तुला.”

“मंगळवारी काय सांगू?”

“खरं ते सांग.”

“मग मला राणी करणार नाहीत. आणि तुला खुर्ची देणार नाहीत.”

“नाहीत देणार. मी उभा राहीन.”

“गुडघे दुखतील.”

“दुखतील.”

ती बेकरीपाशी थांबली, काचेतले केक पाहिल्यासारखं केलं, आणि बराच विचार केला. “मी बाईंना सांगते तुझे गुडघे दुखतात,” ती म्हणाली. “तेवढ्यासाठी महाउपकारकर्ता कशाला असायला हवा?”

 निकितासने मिशीवरून उगाच हात फिरवला. कालिरोईने त्याचा दुसरा हात धरला, नेहमीसारखा घट्ट नव्हे, रस्ता ओलांडताना धरतात तसा, आणि रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.

पलीकडच्या फूटपाथवर चढल्यावर ती म्हणाली, “पण आजोबा, पुतळ्याला केस तुझ्यापेक्षा खूप जास्त आहेत.”

“ते त्या दुसऱ्या निकितासचे,” निकितास म्हणाला. “तेवढे तरी त्याचे असू देत.”